अर्ज, आज्ञा आणि प्रश्न : खानदेशातील सांगण्याच्या विद्येचा इतिहास

माणसाने आपल्या नित्याच्या भाषेत प्रश्न लिहावा आणि यंत्राने त्याच भाषेत त्याचे उत्तर द्यावे, ही गोष्ट ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ‘चॅटजीपीटी’ सर्वांस खुले झाल्यानंतर थोडक्या वर्षांत इतकी अंगवळणी पडली आहे की, धुळ्याचा वकील, अमळनेरचा शिक्षक, रावेरचा केळी बागायतदार आणि जळगावच्या महाविद्यालयातील विद्यार्थी हे सारे आज या नव्या संवादकाशी बोलू लागले आहेत. परंतु एकाच यंत्रास एकच गोष्ट विचारणाऱ्या दोघांपैकी एकास नेमके उत्तर मिळते आणि दुसऱ्याच्या पदरी मोघम उपदेश पडतो, हाही सर्वांचाच अनुभव आहे. आणि या फरकाचे कारण शोधू गेल्यास ते यंत्राच्या अंतरंगापेक्षा विचारणाऱ्याच्या लेखनातच अधिक वेळा सापडते. यंत्रास लिहावयाच्या या मजकुरास आजचे लोक ‘प्रॉम्प्ट’ म्हणतात व तो कसा लिहावा याचे वर्गही आता निघाले आहेत. ही विद्या आज उपजली असा समज त्यामुळे पसरतो. वस्तुतः जो समोर नाही, ज्यास आपली परिस्थिती ठाऊक नाही आणि जो कागदावरील अक्षरांपलीकडचे काहीही जाणू शकत नाही, अशास आपले म्हणणे लिहून कळविणे ही विद्या फार प्राचीन आहे. आणि जळगाव व धुळे या दोन जिल्ह्यांच्या भूमीत तिचे जे अवशेष टिकून राहिले आहेत ते इतके बोलके आहेत की, नव्या संवादकाशी कसे बोलावे हे शिकू इच्छिणाऱ्याने प्रथम त्यांच्याकडे वळावे.

चाळीसगावच्या नैर्ऋत्येस सातमाळ्याच्या कुशीत पाटणे नावाचे गाव आहे. तेथील देवीमुळे पाटणादेवी या नावाने तो परिसर प्रसिद्ध असला, तरी विद्येच्या इतिहासात त्याचे स्थान शके ११२८ च्या एका शिलालेखामुळे अढळ झाले आहे. भास्कराचार्यांचा नातू आणि यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव याने आपल्या पितामहाच्या ‘सिद्धान्तशिरोमणि’ आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापिला आणि त्या मठास निकुंभ वंशातील सोइदेव व हेमाडिदेव या बंधूंनी दाने दिली, हा त्या लेखाचा आशय होय. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख उजेडात आणला. त्यातील स्तुती, वंशवर्णन आणि विद्वत्तेचा गौरव संस्कृतात आहे. परंतु मठाच्या उत्पन्नाची व्यवस्था सांगण्याची वेळ येताच लेखक संस्कृत सोडून सरळ त्या काळच्या लोकभाषेत, म्हणजे मराठीत, येतो. पेठेत जो माल उघडला जाईल त्यावरील कोणता हक्क मठास द्यावयाचा, तो ग्राहकाकडून घ्यावयाचा की विक्रेत्याकडून, ग्राहकाने किती पोफळी द्यावयाच्या, जितके तेलाचे घाणे चालतील त्या प्रत्येकामागे पळीभर तेल कसे द्यावयाचे, हे सारे त्या शेवटच्या ओळींत तपशीलवार येते. आणि त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की, जे काही मोजावयाचे ते मठाच्याच मापाने मोजावे, असेही तेथे स्पष्ट कोरले आहे.

या ओळी लिहिणाऱ्याची दृष्टी किती दूरवर गेली होती याचा विचार करावा. ज्याने दान दिले तो राजपुरुष सदैव पेठेत उभा राहणार नव्हता. आज्ञा पाळणारा तेली, वाणी आणि मठाचा कारभारी हे पुढील पिढ्यांतील लोक असणार होते. आणि त्यांच्यात तंटा झालाच असता तर तो ‘किती’ या शब्दावरून नव्हे, ‘कोणत्या मापाने’ यावरून झाला असता. म्हणून लेखकाने पाळणाऱ्याची भाषा निवडली, देणारा व घेणारा यांची नावे निश्चित केली, प्रमाण सांगितले आणि प्रमाणाचे मापही सांगितले. आज यंत्रास ‘थोडक्यात सांग’ असे लिहिणारा मनुष्य माप न सांगता पळीभर तेल मागत असतो. ‘दहा ओळींत, सातवीच्या मुलास कळेल असे, एकराच्या हिशेबाने सांग’ असे लिहिणारा मठाचे माप बरोबर देतो.

त्या मठात जे ग्रंथ शिकविले जात, त्यांपैकी इसवी सन ११५० च्या सुमारास सिद्ध झालेली ‘लीलावती’ ही याच विद्येचा दुसरा धडा देते. भास्कराचार्य प्रथम सूत्र सांगतात आणि लागलीच त्याखाली उदाहरण देतात. आणि ते उदाहरण असे रचलेले असते की, सोडविणाऱ्यास जे दिले आहे ते सर्व त्यात असते व जे काढावयाचे आहे ते शेवटी निःसंदिग्धपणे विचारलेले असते. नुसत्या सूत्रावरून शिष्यास जे उमगत नाही ते एका-दोन नमुन्यांवरून उमगते, ही गोष्ट आपल्या गणिती परंपरेने ज्या निष्ठेने पाळली, तिचा प्रत्यय भाषायंत्रांच्या शास्त्रज्ञांस २०२० मध्ये आला; मोठ्या भाषाप्रारूपास कामाचे वर्णन देऊन त्याखाली दोन-चार सोडविलेले नमुने ठेवले असता त्याचे काम पुष्कळ सुधारते, हे त्या वर्षीच्या त्यांच्या निबंधाने दाखवून दिले. पुढे २०२२ मध्ये, उत्तरापर्यंत पोचण्याच्या पायऱ्या मांडावयास लावल्यास गणिती व तार्किक प्रश्नांत यंत्र कमी चुकते, हेही सिद्ध झाले. पाटण्याच्या मठातील विद्यार्थी पाटीवर धूळ पसरून हीच रीत गिरवीत होते असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

यादवांच्या राज्यात लेखनाचे खाते किती महत्त्वाचे मानले जाई याची साक्ष हेमाडपंत हे नाव देते. महादेव व रामचंद्र या राजांचे ते श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या लेखनकार्याचे मुख्य. आणि मोडी लिपीचे जनकत्व लोकांनी त्यांच्याकडे दिले ते इतिहासाच्या कसोटीस उतरो वा न उतरो, पत्र कोणास कोणत्या मायन्याने लिहावे, हिशेब कसा मांडावा, कागद कसा राखावा याचे नियम सांगणारी ‘मेस्तके’ त्यांच्या नावावर शतकानुशतके कारकुनांच्या घराण्यांत पाठ केली जात असत. पुढे समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाचा आरंभच लेखनक्रियेच्या निरूपणाने केला आणि अक्षर, ओळ, समास, शाई व कागद यांविषयी जी दक्षता सांगितली तिच्या मुळाशी वाचणाऱ्याविषयीचा आदर आहे. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते गावोगावच्या मठांतून मिळवून समर्थ वाग्देवता मंदिरात एकत्र केली, त्यामुळे ती लेखनशिस्त प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहावयाची असेल तर आजही धुळ्यासच जावे लागते.

मराठेशाहीच्या कारभारात या शिस्तीस पूर्ण रूप आले, आणि एखादी इनामाची सनद समोर ठेवून तिचे अवयव न्याहाळले म्हणजे ते रूप ध्यानात येते. आरंभी ‘श्री’, मग लिहिणाऱ्याचा व ज्यास लिहिले त्याचा निर्देश आणि मायना, मग सुहूर सन, म्हणजे कागदाचे साल. त्यानंतर ‘तुम्ही हुजूर येऊन विदित केले की’ या शब्दांनी अर्जदाराचे म्हणणे पुन्हा संपूर्ण सांगितले जाई. म्हणजे पन्नास वर्षांनी ज्याच्या हाती तो कागद पडेल त्यास मूळ अर्ज न पाहताही मागणी काय होती हे कळावे. मग ‘त्यावरून मनास आणून’ या शब्दांनी कारण येई आणि शेवटी ‘तरी’ म्हणून आज्ञा. आज्ञेनंतरही लेखणी थांबत नसे. ‘दरसाल नूतन पत्राचा आक्षेप न करणे’ असे लिहून काय करू नये हे सांगितले जाई, आणि ‘या पत्राची प्रती लिहून घेऊन हे असल पत्र भोगवटियास परतोन देणे’ असे लिहून काम झाल्यावर कागदाचे काय करावयाचे हेही ठरवून दिले जाई. अखेरीस मोर्तब होई, ज्यामुळे मजकूर कोठे संपला हे निश्चित ठरून त्यापुढे कोणी एक अक्षर घालू शकत नसे. शिवछत्रपतींच्या पत्रांवरील ‘मर्यादेयं विराजते’ हा शिक्का याच हेतूने उमटत असे.

परिस्थिती, मागणी, कारण, आज्ञा, निषेध, पुढील व्यवस्था आणि मर्यादा अशी ही सात अंगे आहेत; आणि आजचे जाणकार यंत्रास लिहावयाच्या सूचनेची जी अंगे सांगतात ती यांहून फारशी वेगळी नाहीत. फरक इतकाच की, सनदेतील प्रत्येक अंग कोण्या तरी जुन्या तंट्यातून शिकलेल्या शहाणपणाने आपल्या जागी आले होते; आणि म्हणूनच ‘काय करू नये’ हे अंग गाळण्याची चूक तेथील कारकून करीत नसे, जी आज आपण सर्रास करतो.

परंतु त्या काळातील सर्वच पत्रे सनदांइतकी परिपूर्ण नव्हती, आणि त्यांतील उणिवेने जो छळ मांडला तो विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी आयुष्यभर सोसला. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड त्यांनी काढला व पुढे तिचे बावीस खंड झाले. गावोगावची दप्तरे धुंडाळीत फिरलेल्या या तपस्व्याने ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात देह ठेवला. त्यांच्या मागे १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ तेथे स्थापन झाले आणि त्यांचा संग्रह तेथे राहिला. राजवाड्यांपुढील अडचण अशी होती की, लष्करातून घरी किंवा वकिलाकडून पुण्यास लिहिलेल्या शेकडो पत्रांत ‘छ’ या अक्षरापुढे चंद्राची तिथी व मुसलमानी महिना असे, पण वर्षच नसे. लिहिणाऱ्यास ते लिहिण्याची गरज वाटली नाही, कारण त्यास व वाचणाऱ्यास ते ठाऊक होते. ‘मागील पत्री लिहिल्याप्रमाणे’ असे म्हटलेले मागील पत्र वाळवीने खाल्लेले असे. ‘तो गृहस्थ’ म्हणजे कोण हे ज्यास माहीत होते तो केव्हाच काळाच्या उदरात गडप झालेला असे. मग वार आणि तिथीचा मेळ घालून, पत्रातील छावणी, नदीचा उतार, धान्याचा भाव यांवरून एकेका कागदाचे वर्ष ठरविण्याचे कष्ट त्यांना उपसावे लागले.

या ठिकाणी आपल्या विषयाचे मर्म हाती लागते. पत्र लिहिणाऱ्याने वाचणारा आपल्याच शेजारी बसला आहे असे मानले, आणि वाचणारा प्रत्यक्षात शंभर वर्षे दूर निघाला. आजचे भाषायंत्र हा असाच दूरचा वाचक आहे. पूर्वी लिहिलेल्या अफाट मजकुरावरून एका शब्दापुढे कोणता शब्द येणे संभवनीय हे त्याने शिकलेले असते. त्यामुळे जगातील पुष्कळ गोष्टी त्यास ठाऊक असतात, परंतु विचारणारा यावलचा की शिरपूरचा, त्याची जमीन काळी की मुरमाड, त्याने यापूर्वी काय करून पाहिले आहे, हे त्याच्या कानी कोणी घातल्यावाचून त्यास कळण्याचा मार्ग नसतो. जे सांगितलेले नसते ते तो सर्वसाधारण अटकळीने भरून काढतो, आणि मोघम उत्तराचा जन्म तेथे होतो. तेव्हा सूचना लिहिणाऱ्याने लिहून झाल्यावर ती एकदा राजवाड्यांच्या डोळ्यांनी वाचावी : हा कागद ज्यास माझे काहीच ठाऊक नाही अशाच्या हाती पडला, तर त्यास यातून किती कळेल?

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या अमलाखाली आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे कारभाराचे ठाणे केले. १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे दोन खानदेश झाले, तेव्हा जळगावासही कलेक्टरची कचेरी आली. दफ्तरदार, शिरस्तेदार, मामलेदार आणि कारकून यांच्या या राज्यात सर्वसामान्य रयतेचा सरकारशी संबंध अर्जाच्या कागदाने येई, आणि तो कागद लिहिणारा अर्जनवीस कचेरीच्या आवारातील झाडाखाली बसू लागला. त्याची कला अक्षरात होती त्याहून अधिक प्रश्नात होती. शेतकरी येऊन आपल्या दुःखाची सारी कहाणी, तीत भावकीचे भांडण, यंदाचा पाऊस आणि तलाठ्याचा तुसडेपणा या सर्वांसह, त्याच्यापुढे ओती. आणि अर्जनवीस ती ऐकून घेऊन एकेक मुद्दा वेगळा करी. जमीन कोणत्या गावची, सर्व्हे नंबर काय, खातेदार कोण, घटना कोणत्या तारखेस घडली, यापूर्वी अर्ज दिला होता काय, त्याचा दाखला जवळ आहे काय, आणि शेवटचा, सर्वांत कठीण प्रश्न : साहेबाने नेमके काय करावे असे तुझे म्हणणे आहे? पुष्कळदा शेतकऱ्याने हा शेवटचा विचार त्या क्षणापर्यंत केलेलाच नसे. तो झाल्यावर मग ‘कारणे विनंती अर्ज करतो की’ येथून कलमवार मजकूर चाले, ‘सबब’ या शब्दाशी वळण घेई आणि एकाच मागणीवर येऊन थांबे. तक्रार आणि मागणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्ञान त्या झाडाखाली मिळत असे. आजही यंत्रापुढे लिहिताना बहुतेकांचे अडते ते याच ठिकाणी. ते आपली अडचण सांगतात आणि आपल्याला काय हवे ते सांगावयाचे राहून जाते.

या व्यवसायास काळी बाजूही होती आणि ती झाकून ठेवणे इतिहासाशी प्रतारणा ठरेल. ज्यास वाचता येत नाही त्याच्या नावाने दुसऱ्याने लिहिलेल्या कागदावर अंगठा उमटविण्यात केवढा धोका असतो, हे महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जळजळीत शब्दांत मांडले. सावकारांविरुद्धच्या १८७५ च्या दंग्यांनंतर झालेल्या १८७९ च्या दक्खनच्या शेतकरी कायद्याने, आरंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरती का होईना, शेतकऱ्याने करून दिलेला दस्त ग्रामनिबंधकासमोर व्हावा आणि त्यातील मजकूर त्यास समजावून द्यावा अशी तजवीज केली, ती याच अनुभवातून. लेखणी दुसऱ्याच्या हाती असली म्हणजे आपले म्हणणे त्याच्या सोयीने वाकते. आणि वाकले की नाही हे पाहण्याचे साधन आपल्याजवळ नसते.

त्याच वेळी खानदेशाने निष्ठावंत लेखनिकाचेही आदर्श दाखविले आहेत. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर एकेक प्रवचन केले आणि अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी ती अठराही प्रवचने टिपून घेतली, म्हणून ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ महाराष्ट्रास लाभला. जळगावजवळच्या आसोद्यास जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. शेतात, जात्यावर, चुलीपुढे त्यांच्या मुखातून उमटलेल्या ओव्या सोपानदेवादी आप्तांनी जशाच्या तशा लिहून ठेवल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. लिहिणाऱ्यांनी त्या बोलीस नागर वळण लावण्याचा मोह आवरला, यात त्यांचे थोरपण आहे. आज त्यांचेच नाव धारण करणारे विद्यापीठ जळगावात आहे, आणि तेथील विद्यार्थ्यांपुढे ही कसोटी नव्या रूपाने उभी आहे : यंत्राकडून मजकूर लिहवून घेताना त्यात आपले म्हणणे आणि आपली बोली किती उरली?

हा प्रश्न अहिराणीच्या बाबतीत विशेष निकडीचा आहे. भाषायंत्रे लिखित मजकुरावर वाढतात, आणि धुळे-नंदुरबार-जळगावच्या घराघरांत बोलली जाणारी अहिराणी लेखनात फार थोडी उतरली आहे. त्यामुळे यंत्र तिच्यात अडखळते किंवा तिला प्रमाण मराठीच्या साच्यात ओढते. अशा वेळी बोलीचा शब्द टाळण्यापेक्षा तो लिहून शेजारी त्याचा अर्थ एका वाक्यात द्यावा, आणि उत्तरात तो शब्द तसाच ठेवावा अशी स्पष्ट आज्ञा करावी. सनदेतील निषेधाचे कलम येथे उपयोगी पडते.

आता या साऱ्या परंपरेचा कस एका प्रत्यक्ष उदाहरणावर पाहू. रावेरचा एखादा बागायतदार यंत्रास लिहितो, ‘केळीची पाने पिवळी पडली, काय करू?’ या प्रश्नास पाणी, खत, रोग, कीड अशी दहा कारणे व दहा उपाय हेच उत्तर येणार, कारण प्रश्नातच दहा वाटा मोकळ्या सोडल्या आहेत. तोच बागायतदार अर्जनविसाच्या शिस्तीने लिहू लागला तर असे लिहील : माझी बाग रावेर तालुक्यात, जमीन काळी, पाणी ठिबकने, ग्रँड नैन वाणाची ऊतिसंवर्धित रोपे जूनअखेर लावली, आज सप्टेंबरचा दुसरा आठवडा, आठ दिवस ढगाळ हवा व पाऊस आहे, पिवळे पट्टे नव्या, कोवळ्या पानांवर आले आहेत, खालची जुनी पाने हिरवी आहेत, शंभरात चार-पाच झाडे अशी दिसतात, शेजारच्या शेतात काकडी आहे. यावरून कोणते दोन-तीन रोग संभवतात, ते एकमेकांपासून कशाने ओळखावे आणि निदान पक्के करण्यासाठी बागेत आणखी काय पाहावे ते दहा ओळींत मराठीत सांग. औषधाचे नाव वा प्रमाण सांगू नकोस, ते मी जळगावच्या केळी संशोधन केंद्रात विचारीन. माहिती अपुरी असेल तर अटकळ न करता मलाच प्रश्न विचार.

या मजकुरातील निर्णायक वाक्य कोणते? पट्टे कोवळ्या पानांवर आहेत आणि जुनी पाने हिरवी आहेत, हे. करपा बहुधा खालच्या जुन्या पानांवर ठिपक्यांनी सुरू होतो. उलट काकडीवरून माव्यामार्फत येणाऱ्या मोझॅक विषाणूची खूण कोवळ्या पानांवर उमटते, आणि त्यात बाधित झाड उपटून नष्ट करण्यास उशीर झाला तर सारी बाग धोक्यात येते. ही निरीक्षणाची ओळ बागेत वाकून पान पाहिल्याशिवाय लिहिता येत नाही. उत्तम सूचना ही त्यामुळे शब्दचातुर्याची बाब राहत नाही. ज्याने आपली परिस्थिती स्वतः नीट पाहिली आहे तोच ती नीट सांगू शकतो. आणि शेवटचे कलम, यंत्राने उलट प्रश्न विचारावेत हे, म्हणजे अर्जनविसाचे काम यंत्राकडे सोपविणे होय. ज्यास काय सांगावे हेच उमगत नाही, त्याच्यासाठी यासारखा दुसरा उपाय नाही.

एवढे करूनही जे उत्तर मिळेल ते प्रमाण मानण्यापूर्वी रुजुवात हवी. भाषायंत्र संभवनीय वाक्य रचते, आणि संभवनीय वाक्य सत्य असतेच असे नाही. अस्तित्वात नसलेला ग्रंथ, न झालेला न्यायनिर्णय, चुकीचे साल हे सर्व ते त्याच ठाम स्वरात सांगू शकते. राजवाड्यांनी पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत बखरींची जी कठोर परीक्षा घेतली तिचे सूत्र येथे तंतोतंत लागू पडते : सुसंगत आणि रसाळ कथन हे खरेपणाचे प्रमाण नव्हे, अस्सल समकालीन कागदाशी ताडून पाहिल्यावाचून त्यावर विसंबू नये. म्हणून सूचनेतच आधार मागावा, आणि दिलेला आधार स्वतः उघडून पाहावा. वकिलाने निवाडा मूळ अहवालात वाचावा, विद्यार्थ्याने ग्रंथ ग्रंथालयात धरावा, शेतकऱ्याने झाड तज्ज्ञास दाखवावे. कागदावर अंगठा उमटविण्यापूर्वी तो वाचून घेण्याचा जो हक्क १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्यास देऊ पाहिला, तो हक्क आज प्रत्येकाच्या हाती आहे. तो बजावणे मात्र प्रत्येकाने स्वतःवर घेतले पाहिजे.

या विद्येची गरज ज्यांना सर्वाधिक आहे त्यांच्यापर्यंत ती पोचली पाहिजे, हे माझ्या मते या इतिहासाचे खरे सांगणे आहे. सातपुड्यातील भिल्ल-पावरा कुटुंबांस २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा करावा लागतो तो लिहूनच. त्याच्या नियमांनी कागद नसलेल्यांसाठी गावातील वडीलधाऱ्यांचे तोंडी निवेदन लेखी करून पुरावा म्हणून ग्राह्य धरले आहे, परंतु ते निवेदन कोणत्या वर्षापासून, कोणत्या ओढ्यापासून कोणत्या टेकडीपर्यंत हे सांगणारे असले तरच टिकते. अशा घरातील शिकलेल्या मुलीच्या हाती आज एक यंत्र आहे, जे अर्जनविसाइतके मोल मागत नाही. पण आजोबांच्या तोंडून वर्ष, सीमा आणि साक्षीदार काढून घेण्याचे काम तिलाच करावयाचे आहे, आणि यंत्राने लिहिलेला मजकूर त्यांना त्यांच्या बोलीत वाचून दाखवून त्यांचा होकार घेण्याचेही.

आपल्या शाळांत हे शिकविण्याची जागा तयारच आहे. दहावीच्या मराठीत उपयोजित लेखनाखाली पत्रलेखन आहे. हिंदीच्या प्रश्नपत्रिकेत उतारा देऊन त्यावर प्रश्न तयार करावयास सांगतात. त्या तासास एखादी सनद फळ्यावर उतरवून तिची अंगे ओळखावयास लावावी, मग मुलांनी आपल्या घरची एक खरी अडचण त्याच अंगांनी यंत्रासाठी लिहावी, आणि आलेले उत्तर गावातील जाणत्या माणसास दाखवून त्यातील खरे-खोटे वहीत नोंदवून आणावे. सांगण्याची आणि पारखण्याची ही दोन्ही कामे ज्या मुलांस एकत्र शिकविली जातील त्यांच्यावर, उद्या यंत्रे कितीही बदलोत, दुसऱ्याच्या लेखणीवर विसंबण्याची पाळी येणार नाही.